रत्नपालच्या हातातला घास

त्या येळवशीला दिवस कलला तरी खजुरीच्या शिवारात कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

एरवी येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येला, रानात पाय ठेवायची खोटी, चारी बाजूंनी हाका सुरू. "या ओ, आंबील प्यायला!" "अण्णा, हिकडं फिरा की!" कुणी कन्नडात, "बर्री, ऊटा माड्री!", या, जेवा. सगळं गाव रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायचा, कोपात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पुढं तुरी-हरभऱ्याच्या दाण्यांची आंबटसर भज्जी, ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, ते उंडे, मडक्यात आंबील.

या जेवणाचे दोन नियम आहेत आणि ते कुणी कुणाला शिकवत नाही. हाक आल्याशिवाय दुसऱ्याचा बांध ओलांडायचा नाही. आणि हाकेवर जाऊन एकदा बसलं, की ज्यानं हाक मारली त्याचा शेवटचा घास होईपर्यंत उठायचं नाही. गुरुशांतप्पाच्या तोंडात एकही दात नाही. एका वर्षी त्यानं मोजणीला आलेल्या साहेबाला हाक मारली आणि उंडा चघळत असा बसला, की साहेबाची आळंदची शेवटची बस गेली. साहेब रात्रभर गोठ्यात म्हशींच्या शेजारी झोपला. अजून पोरं गुरुशांतप्पाला वाटेत अडवतात, "अप्पा, घास झाला का?"

त्या दिवशी त्यालाही कुणी चिडवत नव्हतं. श्रीपतरावांच्या रानात, कोपापुढं, त्यांचा मुलगा जेवत बसला होता.

त्याचं नाव

शिवराज. गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि घेत कुणी नाही. 'त्यो' म्हणतात. म्हणताना आवाज खाली येतो, आणि मग लक्षात येतं की खाली आणून उपयोग नाही, त्याला सगळं ऐकू येतं. म्हणून मग बोलणंच थांबतं.

एकोणिसाव्या वर्षी, तुरीची मळणी चालू असताना, यंत्राखाली सापडलेल्या माणसाला काढायला त्यानं यंत्रच उचललं. एका हातानं. दुसऱ्या हातात चहाचा कप तसाच होता, सांडला नाही. ते बळ कुठून आलं ते त्यालाही सांगता येत नाही. पुढचं जगाला माहीत आहे.

पहिल्या लढाईत त्यानं दोन्ही बाजूंच्या तोफा ओल्या कडब्यासारख्या वाकवल्या. जग नाचलं. खजुरीत पेढे वाटले. मग नव्या तोफा आल्या.

दुसऱ्या वेळी एका देशाचा हुकूमशहा त्यानं खुर्चीसकट उचलला आणि समुद्रातल्या बेटावर नेऊन ठेवला. जग पुन्हा नाचलं. त्या देशात पुढं वर्षभर शेजारी शेजाऱ्याला कापत होता.

तिसऱ्या वेळी तो एका दवाखान्यावर स्वतः छत होऊन उभा राहिला. त्याच्या आडून तोफा डागल्या गेल्या, कारण तिथं उलट मारा होणार नाही हे डागणाऱ्यांना कळलं होतं. तेव्हा कुणी नाचलं नाही.

ही चौथी वेळ. दोन देश, मध्ये एक नदी. त्यानं दोघांना निरोप धाडला होता: माझ्या गावात सूर्य मावळायच्या आत लढाई थांबवून तहावर सही करा. नाही केलीत तर तुमच्या दोघांच्याही देशात वीज राहणार नाही, इंजिन फिरणार नाही, ठिणगी पडणार नाही. तुमची सही होईपर्यंत.

सूर्य अजून तुरीच्या शेंड्यांवर कासराभर होता. मधल्या वेळात तो आईच्या हातचं खायला आला होता.

बांधाच्या अलीकडं

रत्नपाल उभा होता, कानाला फोन लावून. त्याचं रान श्रीपतरावांच्या रानाला लागून. त्याच्या घरात पांडव मांडत नाहीत. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून दगड गेले, भज्जी राहिली. लिंबाखाली घोंगडी अंथरून त्याची बायको पंचशीला पातेल्याशी बसली होती. तिच्या पायाशी कुत्रं होतं. सकाळपासून ते भुंकलं नव्हतं.

"जेवलाव का पप्पा?" फोनमध्ये संध्या विचारत होती.

संध्या त्याची एकुलती एक. नदीकाठच्या त्या दोन देशांपैकी एकाच्या राजधानीत नर्स आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात.

"न्हाई अजून. तिकडं कसं हाय?"

"सकाळपासून गप हाय. दोन्ही बाजू वाट बघायल्यात, खरंच करतोय का म्हणून."

"मी बोलतो त्याला. तुला तेवढी आण म्हणतो. क्षणात आणंल."

"आणि ह्या पेट्यांजवळ कोण थांबंल? तुमचा त्यो?"

"बाळं बी आण म्हणतो की."

"पप्पा, तुमाला सांगितलं न्हाई का? मागं त्यानं एक बाळ उचलून नेलं व्हतं, दुसऱ्या देशात. त्याचा वेग बाळाला सोसला न्हाई." ती थांबली. "मला एकटीला आणायला लावलाव तर बघा. आयुष्यात तुमच्याशी बोलणार न्हाई."

"जनरेटर असंल ना तिथं?"

"त्यो बी बंद. बॅटरी बी बंद. सगळंच म्हणालाय त्यो. आता मी फोन चालूच ठेवते, तुमी बी ठेवा. बंद पडला की समजा."

रत्नपालनं फोन तसाच चालू शर्टाच्या खिशात ठेवला. छातीशी त्या वॉर्डाची बारीक टिकटिक ऐकू येत राहिली.

हाच बांध होता

जेव्हा रत्नपाल दहा वर्षांचा होता आणि त्याचा बाप रामराव इथंच, ह्याच मातीवर, पितळी घेऊन उभा राहायचा. श्रीपतरावांच्या घरचं जेवण झालं, की उरलेली भज्जी बांधावरून त्याच्या पितळीत वाढली जायची. वरून. हाक त्यांना नव्हती. बाकी सगळ्या शिवाराला होती, गुरं राखणाऱ्याला होती, वाटसरूला होती. रामरावाला त्यात काही वेगळं वाटत असलं तरी त्यानं ते कधी दाखवलं नाही. त्या वर्षी शिवराज पंगतीतून उठला, कुणाला न विचारता बांधापर्यंत आला, रत्नपालचं मनगट धरलं आणि ओढत नेऊन पांडवांच्या पुढं, आपल्या शेजारी बसवलं.

"त्याला काय बी बोलू नको रे."

सोजराबाई आंबिलीचं मडकं घेऊन बांधावर आल्या होत्या. शिवराजची आई. मडकं दोन्ही हातांत होतं.

"काकू, संध्या तिथं हाय."

"ठाव हाय मला. त्याला बी ठाव हाय. त्याला समदं ठाव हाय, म्हणून तर मी काय बोलत न्हाई." त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "बोलत न्हाई आन् मनात बी धरत न्हाई. परवा चुलीला म्हणले, ह्या शेजारणीचं नरडं का बसंना. दोन दिस झोपले न्हाई, ते ऐकून ह्यो काय करतोय म्हणून."

"काय केलं त्यानं?"

"काय न्हाई. पर केलं असतं तर?"

त्या निघून गेल्या. लेकाला वाढताना त्यांनी उंडा दोन्ही हातांनी पुढं केला, देवापुढं नारळ ठेवतात तसा.

रत्नपालनं सूर्याकडं पाहिलं. मग त्यानं जे केलं ते विचार करून केलं की नुसतं तोंडातून गेलं, हे त्याला पुढंही सांगता आलं नाही. त्यानं हात तोंडाशी नेले आणि त्या दिवसातली शिवारातली पहिली हाक मारली.

"शिवराज! ये जेवायला!"

हाक ज्वारीवरून गेली. रानारानातली माणसं हातातला घास घेऊन गोठल्यासारखी झाली. गुरुशांतप्पा खोकायच्या बेतात होता, त्यानं खोकला गिळला.

शिवराज उठला. हात धुतले. आणि चालत आला, जमिनीवर पाय टेकवून, साध्या माणसासारखा. चप्पल काढून घोंगडीवर बसला. जरा पोट सुटलं होतं. कानाजवळ केस पांढरे झाले होते. पंचशीलानं वाढलं, पण तिला मान वर करता आली नाही.

"वैनी, चिंच जास्त हाय," तो म्हणाला. "मला अशीच आवडती."

जेवताना

आधी दोघांनी दोन-दोन घास खाल्ले. मग शिवराज म्हणाला, "संध्याला आणू का? हा उंडा संपायच्या आत आणतो."

रत्नपालच्या खिशातून टिकटिक येत होती. पंचशीलाचा हात पळीवर थांबला. आणि रत्नपालच्या घशाशी 'आण' हा शब्द येऊन बसला, सगळ्या अक्षरांनिशी.  

"ती येत न्हाई म्हणती."

"ऐकलं मी. पण तू सांगितलंस तर आणतो. तिला विचारणार न्हाई."

"व्हय. तू विचारत न्हाईस." रत्नपालनं भज्जीत उंडा कुस्करला. "तुला तिथं कुणी हाक मारली, शिवराज?"

"मरायली माणसं."

"हाक मारली का?"

"तुला तरी कुणी मारली व्हती?" शिवराजनं बांधाकडं बोट केलं. "तिथं उभा व्हतास, बापाच्या धोतराला धरून. मी आत आणला. कुणाला विचारलं न्हाई. चुकलं का?"

रत्नपालला हसू आलं, पण ते बाहेर आलं नाही.

"तू जेवून झोपलास, पुढचं तुला कुठं ठाव हाय? त्या वर्षी आमची तूर कुणी मळून दिली न्हाई. गाडीवाट बंद केली. गिरणीत आईला सांजपर्यंत थांबवायचे. बापानं तुझ्या बापाच्या पाया पडून माफी मागितली. जे केलं तू, त्याची. मला त्यानं घरी आणून असं मारलं, की हा कान अजून नीट ऐकत न्हाई. मारताना रडत व्हता. तुला कुणी एक शब्द बोललं का?"

शिवराजचा हात ताटात थांबला. सगळं ऐकू येणाऱ्या माणसाला हे ऐकू आलं नव्हतं. तेव्हा तो साधा होता.

"मला ठाव नव्हतं," तो म्हणाला.

"तेच सांगायलोय."

"पण रत्न्या," शिवराज हळू म्हणाला, "पुढं तीन-चार वर्षांनी हाक यायला लागली ना तुमाला? सगळ्यांच्या रानातून?"

"लागली."

"मी ओढला नसता तर आली असती?"

रत्नपालला बाप आठवला, म्हातारपणी त्याच कोपापुढं मांडी घालून बसलेला, दुसऱ्यांदा भज्जी मागून घेणारा. त्याचा चेहरा आठवला. 

"वीज काढलीस तर पेटीतली पोरं मरतील," तो शेवटी म्हणाला.

"मरतील. आणि न्हाई काढली तर त्याच्या कैक पट मरतात. मोजलंय मी. रोज मोजतो. मला झोप लागत न्हाई, मग तेच करतो." तो हे अगदी साधेपणानं म्हणाला, हवापाण्याचं बोलावं तसं. "तोफा मोडून बघितल्या. माणूस उचलून बघितला. आता एवढंच राहिलंय."

"आणि ह्यानं न्हाई भागलं तर? पुढच्या येळवशीला काय काढशील?"

 ताटातला शेवटचा उंडा शिवराजनं संपवला, बोटं चाटली, आणि सूर्याकडं पाहिलं. सूर्य तुरीत उतरला होता. कुत्रं उठून पंचशीलाच्या पाठीमागं गेलं.

रत्नपालच्या ताटात एक घास उरला होता.

तो घास

त्यानं उचलला आणि हातात धरला.

"खा."

"खातो की. घाई हाय का?"

शिवराजनं घासाकडं पाहिलं, मग रत्नपालकडं. मग तो हसला. किती वर्षांनी हसला असेल. लिंबावरची पानं हलली.

"गुरुशांतप्पा करायलास व्हय?"

"नियम हाय."

"आणि मी मोडला तर?"

शिवारात कुठंतरी पितळी पडली. कुणी उचलली नाही.

"मोड. तुला कोण अडवतंय? पण मग तू हाकेवर आलेला न्हाईस. मग माझ्या बांधाच्या आत तू कोण म्हणून बसलायस, ते सांग."

शिवराज बसून राहिला. त्याच्या मांडीखालची माती जरा खचली, तेवढंच. उजेड पिवळा झाला, तांबडा झाला. ज्वारीच्या ताटांच्या सावल्या लांबत लांबत बांध ओलांडून गेल्या. आणि सूर्य खजुरीच्या रानात मावळला, रोजच्यासारखा.

काहीच झालं नाही.

खिशातली टिकटिक चालू होती. पंचशीलानं पदर तोंडाला लावला आणि गप रडायला लागली. पलीकडच्या रानातून गुरुशांतप्पा सगळं बघत होता. त्याला एकट्याला खेळ कळला होता, आणि तो देवाचं नाव घेत होता की रत्नपालचं, ते त्याच्या ओठांवरून कळत नव्हतं.

"बरं वाटायलंय," शिवराज म्हणाला. तो मागं हातावर रेलला होता. "कुणीतरी बस म्हणलं आणि बसलो. लई दिवसांनी."

रत्नपालला ते ऐकून गार वाटायला हवं होतं. पण त्याच्या अंगावर काटा आला.

मग, नदीकाठच्या त्या दोन्ही देशांना कळलं

की सूर्य मावळला आणि काहीच झालं नाही. तो आला नाही. येणार नाही.

रत्नपालच्या छातीशी पहिला आवाज झाला. पोतं आपटल्यासारखा. मग दुसरा, जवळ.

"पप्पा?" संध्याचा आवाज. "पप्पा, लाईट हाय. लाईट हाय, पण सुरू केलंय त्यांनी. दोन्हीकडून. खिडक्या गेल्या." मागं बायका ओरडत होत्या, वेगळ्या भाषेत. "मागच्या बाजूची भिंत पडली. आमी पेट्या मधल्या खोलीत ओढायलोय."

"संध्या, तू खाली—"

"मी म्हणले व्हते मला आणू नका म्हणून. आता मला कळत न्हाई पप्पा. मला काय कळत न्हाई."

पुन्हा पोतं आपटलं. ह्या वेळी आवाज इतका मोठा होता की पंचशीला उठून उभी राहिली आणि रिकाम्या आकाशाकडं बघायला लागली.

रत्नपालनं शिवराजकडं पाहिलं. शिवराज तसाच रेलून होता. त्यानं तर हे सगळं फोनशिवायच ऐकलं असणार, संध्याच्या आधी, तोफेत गोळा सरकवला तेव्हाच.

"जा की," रत्नपाल म्हणाला. "बघत काय बसलायस?"

"हाक न्हाई आली म्हणालास."

"शिवराज."

"मला वाटलं, तू बरोबर बोललास. मी आता माझ्या मनानं जात न्हाई. तू बोलावलंस, तू बसवलंस. आता तू उठव."

"नुसत्या त्या तोफा बघ. वीज नको काढू. नुसतं तेवढंच कर."

"नुसतं तेवढं कधी होत न्हाई, रत्न्या. मी तीनदा करून बघितलंय." त्याचा आवाज मऊ होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "सगळं करतो, न्हाई तर काहीच न्हाई. घास तुझ्या हातात हाय. मी वाट बघतो. मला काय, मी बसतो सकाळपर्यंत."

"पप्पा," खिशातून संध्या म्हणाली, आणि पुढं तिचं बोलणं धुळीत गेल्यासारखं तुटलं, खोकला ऐकू आला, एका बाळाचं रडणं ऐकू आलं, मांजरासारखं बारीक.

पंचशीला नवऱ्याकडं बघत होती. तिनं 'खा' म्हटलं नाही. 'नको' म्हटलं नाही.

रत्नपालनं घास तोंडात घातला.

घोंगडीवरची समोरची जागा रिकामी होती. तिथला खळगा हळूहळू वर येत होता. लिंबाचं एक पानही हललं नव्हतं.

"थांबलं!" संध्या ओरडली. "पप्पा, थांबलं बघा! सगळं थांब—"

आणि खिशात टिकटिक नव्हती.

त्यानं फोन काढला. त्याच्या फोनवर उजेड होता. पलीकडं काही नव्हतं. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा लावला, पंचशीला विचारत होती, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" आणि त्याला बोलता येत नव्हतं, कारण तोंडात तो घास होता आणि तो आत जात नव्हता, बाहेर येत नव्हता.

श्रीपतरावांच्या कोपापुढं सोजराबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. लेकाची जागा रिकामी बघून त्यांनी मोठा श्वास सोडला. तो श्वास जसा काही साऱ्या शिवारानं ऐकला. कुठंतरी कुणी हसलं. कुणी पडलेली पितळी उचलली. आणि अंधारून आलेल्या रानात, दिवसभर गिळून ठेवलेल्या हाका एकेक करून बाहेर पडायला लागल्या.

"या ओ, आंबील प्यायला!"

"अण्णा, हिकडं फिरा!"

"बर्री, ऊटा माड्री!"

आणि सगळ्यांत मोठ्यानं, बिनदाताच्या तोंडानं, हात हलवत, गुरुशांतप्पा, "रत्नपाल! ये रे बाबा, ये! घास झाला का?"